दर सेकंदाला विचारायचं

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी परभणीत भाड्याच्या खोलीत बसून मोटारीच्या स्टार्टरचा एक बोर्ड तपासत होते. शनिवारची सकाळ होती. डॉक्टर म्हणजे आमच्या गावचे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना कैक वर्षं झाली, पण येलदरीकडच्या आमच्या पट्ट्यात मेंढरांना लस टोचायची असो की शेळी अडलेली असो, लोक अजून त्यांनाच बोलावतात. फोनवर ते कधी लांबण लावत नाहीत. त्या दिवशी मात्र पाऊसपाणी, माझ्या मायचा गुडघा, माझं काम, सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणाले, "एक विचारू का? आपण चालू ठेवलेलं मशीन आपोआप झोपू शकतं का?"

"शकतं की. का बरं?"

"मग तू येऊन जा एकदा. मला खुलासा पाहिजे. मशीन झोपलं का मीच चालू करायचं विसरलो, एवढंच."

आवाज नेहमीसारखाच होता, पण 'विसरलो' या शब्दापाशी ते थोडे थांबले. मी बोर्ड तसाच टेबलावर ठेवला आणि जिंतूरची बस धरली.

झालं होतं ते असं. गावातल्या मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या घरांचा एक गट आहे. आमचं घरही त्यात. गटाचा एक फ्रिज आहे. त्यात पावसाळ्याआधी टोचायची आंत्रविषाराची, म्हणजे कोवळं गवत खाऊन मेंढरं पटापट मरतात त्या रोगाची, लस ठेवतात. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, त्यावर गेली की तिचा भरवसा नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी आपला एक जुनापुराणा लॅपटॉप त्या फ्रिजशेजारी बसवला होता. फ्रिजमध्ये तापमान मोजणारी वायर, ती लॅपटॉपच्या मागे जोडलेली. वीज गेली तरी लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालत राहायचा, आणि फ्रिज आठ अंशांच्या वर गेला की मोटारसायकलचा हॉर्न वाजवायचा. हॉर्न ऐकून समोरच्या घरातली मावशी बर्फाची पेटी घेऊन धावायची. मावशीकडेच खोलीची किल्ली असते. डॉक्टरांनी हे सगळं पुस्तकं वाचून, चुकत चुकत स्वतः बसवलं होतं. माझं पहिलं वेड तिथलंच. डिप्लोमाला असताना सुट्टीत मी मायची शेरडं त्यांच्या दारापुढच्या बाभळीखाली सोडून त्या लॅपटॉपपुढे जाऊन बसायचे.

इतकी वर्षं लॅपटॉप डॉक्टरांच्याच घरात होता, फ्रिजही तिथंच. तिथं इन्व्हर्टर होता. या वर्षी गटाला ग्रामपंचायतीमागची एक खोली मिळाली आणि सगळा संसार तिकडे हलला. दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, सकाळी गेलेली वीज दिवस मावळायला आली. हॉर्न वाजला नाही. मावशी दिवसभर समोर ओसरीत ज्वारी निवडत बसली होती, तिला काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी डॉक्टर आले तर लॅपटॉपचा पडदा काळा, फ्रिजमध्ये सतरा अंश. लस टाकून द्यावी लागली. टोचणीचा दिवस पुढे गेला आणि जिंतूरपलीकडे चरायला निघालेले दोन कळप गावात अडकून पडले.

कोणी डॉक्टरांना तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त एकजण म्हणाला, "डॉक्टरसाहेब आता थकले." दुसऱ्यानं मान हलवली. आणि डॉक्टर, जे आयुष्यभर औषधाच्या बाटलीवरची तारीख तीनदा वाचत आले, ते रात्रंदिवस एकच आठवत बसले होते, की आपण सकाळी लॅपटॉप चालू केला होता की नाही.

मी खोलीत शिरले तेव्हा ते स्टुलावर बसून वही चाळत होते. रोजचं तापमान ते वहीतही लिहितात. मंगळवारच्या रकान्यात सकाळचा आकडा होता, चार.

"हे बघा, तुम्ही लिहिलंय," मी म्हटलं. "म्हणजे पडदा चालू होता."

"आकडा फ्रिजवरच्या काट्यावरूनही लिहिता येतो," ते म्हणाले. "पुरावा नाही हा."

असा माणूस. स्वतःच्या बाजूनं कच्ची साक्षही चालायची नाही.

मी म्हटलं, "मग मशीनलाच विचारू." प्लग काढला. लॅपटॉप बॅटरीवर गेला, पडद्यावर तापमानाचा आकडा दिसत राहिला. आम्ही दोघं बसून बघत होतो. बाहेर कोणाच्या तरी शेळ्या पत्र्यावर खुरं वाजवत होत्या. पाच मिनिटं गेली, सात गेली. दहाव्या मिनिटाला पडदा एकदम काळा झाला आणि आतला पंखा थांबला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "झोपलं," ते म्हणाले.

"झोपलं. तुम्ही विसरला नव्हता."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. मग त्यांचा जुना स्वभाव जागा झाला. "एकदा झालं म्हणून काही सिद्ध होत नाही. परत कर."

परत केलं. प्लग लावला, थोडी बॅटरी भरू दिली, काढला. दहा मिनिटं झाली. अकरा झाली. बारा, पंधरा. लॅपटॉप टक्क जागा. आकडा दाखवतोय, पंखा फिरतोय. डॉक्टर स्टुलावरून उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं काय चाललंय ते. मघाशी सुटका झाल्यासारखं वाटलं होतं, ती परत हातातून निसटत होती.

आणि खरं सांगते, मला तेव्हाच चेव आला. कारण नेहमी बिघडणारी गोष्ट साधी असते. कधी बिघडते, कधी नाही, तिथं काहीतरी वेळेचं गणित लपलेलं असतं, आणि असली गणितं शोधायचं मला लय वेड. मी म्हटलं, "डॉक्टर, बसा इकडे. आता मजा आहे."

तिसऱ्यांदा काढला, झोपला. चौथ्यांदा काढला, झोपला. तोवर मायचा निरोप आला की भाकरी थापल्यात, येणार हाय का न्हाई. मी म्हटलं इकडेच पाठव. निरोप घेऊन आलेली बाई परत गेली आणि थोड्या वेळानं माय स्वतःच फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा घेऊन लंगडत आली.

"काय करायलीस गं आल्यापासून?" तिनं विचारलं. "प्लग काढायलीस, लावायलीस."

"हे मशीन झोपतंय आणि झोपायच्या आधी परवानगी मागतंय की न्हाई, ते बघायलेय."

"मशीन परवानगी मागतंय?"

मागतं खरं. मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन तिला सांगू लागले, पण खरं तर मी स्वतःलाच सांगत होते. लॅपटॉपमध्ये दोन कारभारी असतात. एक ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आपले सगळे प्रोग्राम चालवणारी. दुसरं फर्मवेअर, कारखान्यातच चिपमध्ये लिहून ठेवलेला लहानसा प्रोग्राम. वायर निघाली, बॅटरी उतरली, झाकण मिटलं, बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही, हे आधी कळतं ते फर्मवेअरला. आत्ताच्या मशिनीत असं काही झालं की फर्मवेअर लगेच ऑपरेटिंग सिस्टीमला इशारा देतं आणि ती काम सोडून बघते. पण हा लॅपटॉप त्याच्या आधीच्या काळातला. त्यात फर्मवेअरला आपणहून बोलायची सोयच नाही. जे घडलं ते ते रांगेत लावून ठेवतं आणि गप्प राहतं. ऑपरेटिंग सिस्टीमनं येऊन विचारायचं, काही झालंय का? मग ते रांगेतली एक गोष्ट सांगतं. परत विचारायचं, अजून काही? मग दुसरी. असं करत, आता काही शिल्लक नाही असं उत्तर येईपर्यंत विचारत राहायचं. आणि हे दर सेकंदाला.

"दर सेकंदाला?" माय म्हणाली. "येडं होईल की ते."

"न्हाई होत. त्याला तेवढंच काम."

"आन् नाही इचारलं तर?"

तिच्या या प्रश्नावर मी घास तसाच ठेवला. नाही विचारलं तर काय होतं, ते मला माहीत होतं, पण आतापर्यंत मी त्या बाजूनं बघितलंच नव्हतं. फर्मवेअर रांगेत लिहून ठेवतं, 'मला आता झोपायचंय, चालेल का?' मग काही सेकंद वाट बघतं. ऑपरेटिंग सिस्टीम 'थांब' म्हणाली तर थांबतं, 'नको' म्हणाली तर झोपत नाही. पण त्या काही सेकंदांत कोणी काहीच बोललं नाही, तर ते समजतं की वरचा कारभारी अडकून पडला असेल, आणि बॅटरी वाचवायला आपणहून सगळं मशीन झोपवतं. डॉक्टरांनी 'झोपायची परवानगी मागितली तर नको म्हणायचं' असा नियम कधीच लिहून ठेवला होता. नियम बरोबर होता. मग नकार पोचत का नव्हता?

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही प्लगपाशी बसा. मी म्हटलं की काढायचा, म्हटलं की लावायचा. झोपेपर्यंत थांबायचं नाही."

प्लग काढणं-लावणं ही सुद्धा फर्मवेअरच्या रांगेत पडणारी खबर. ऑपरेटिंग सिस्टीमला ती कळली की तिच्या नोंदीत वेळेसह एक ओळ उमटते. मशीन नव्यानं सुरू केलं की ही नोंद कोरी होते, म्हणून मंगळवारचं काही तिच्यात उरलं नव्हतं. मी नोंदीची फाइल पडद्यावर उघडून ठेवली. लॅपटॉपचं घड्याळ एका कोपऱ्यात ठेवलं.

"काढा."

डॉक्टरांनी काढला. ओळ उमटली नाही. मी मोजत होते. पाच, दहा, वीस सेकंद. चाळीस सेकंदांनी ओळ आली.

"लावा." या खेपेला पंधरा सेकंदांत आली.

"आता लगेच काढा आणि परत लावा."

त्यांनी खटखट दोन्ही केलं. पडदा शांत. अर्ध्या मिनिटानं दोन्ही ओळी एकाच वेळी उमटल्या, एकीखाली एक. दोन्हींवर एकच वेळ.

मी वर सरकत गेले. सगळ्या ओळींच्या शेवटी सेकंदांचा आकडा बारा. तास वेगळे, मिनिटं वेगळी, सेकंद मात्र बारा, बारा, बारा. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि डॉक्टरांना म्हटलं, "वाचा."

त्यांनी वाकून वाचलं. एक ओळ, दुसरी, तिसरी. मग अगदी हळू म्हणाले, "हे मिनिटातून एकदाच विचारतंय."

"मिनिटातून एकदाच."

"म्हणजे त्यानं झोपायचं विचारलं, आणि नेमकं त्याच वेळी बारावा सेकंद जवळ असेल तर..."

"तर नकार मिळतो. जागं राहतं."

"आणि नसेल तर झोपतं." ते सरळ उभे राहिले. "दुसऱ्या खेपेला ते वाचलं ते एवढ्यामुळे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. सत्तरी उलटलेला माणूस आणि मी, दोघांच्या हाताला ठेचा लागलेला, आणि मायला वाटत होतं यांना ऊन लागलं. डॉक्टरांनी लगेच पुढचा प्रश्न काढला. इतकी वर्षं हे झोपलं का नाही? मी म्हटलं तुमच्याकडे इन्व्हर्टर होता. ते म्हणाले, इन्व्हर्टर मधे दोन महिने बंद होता, तेव्हाही झोपलं नव्हतं. मग त्यांनाच आठवलं. या उन्हाळ्यात लॅपटॉपची तारीख मागे जायला लागली म्हणून त्यांनी आतला बारका सेल बदलला होता. तो सेल मेला की फर्मवेअरमधल्या सेटिंगा कारखान्यातून आल्या तशा होतात. मी मशीन बंद करून, सुरू होताना बटण दाबून सेटिंगांत शिरले. तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, बॅटरीवर असताना दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर झोप. आधी कधीतरी डॉक्टरांनी ते बंद केलेलं होतं. सेलसोबत ते गेलं.

"मग हे इथंच बंद कर," डॉक्टर म्हणाले. "झालं काम."

बंद केलं. पण सेल परत कधीतरी मरणारच. आणि दर सेकंदाला विचारायचं सोडून हे मिनिटातून एकदा का विचारतंय, याचं उत्तर अजून मिळालं नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टीम तशी येत नाही. कोणीतरी मुद्दाम बदललेलं होतं.

ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळा मूळ मजकूर, म्हणजे तिचा कोड, त्या लॅपटॉपवरच एका फोल्डरमध्ये पडून होता. फर्मवेअरला विचारणारा भाग शोधायला मला पाच मिनिटं लागली. एका सेकंदाचा आकडा जिथं असायला हवा, तिथं त्याला साठानं गुणलेलं होतं. आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठीत एक टीप लिहिलेली: 'दर सेकंदाला कशाला विचारायचं? बॅटरी जाते. मिनिटातून एकदा बास.'

मी ती वाचली आणि खाली कोणाचं नाव आहे ते पाहिलं नाही, कारण पाहायची गरज नव्हती. 'बास' हा शब्द मी असाच लिहिते. ती टीप माझी होती.

सगळं आठवलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी. मी कुठं तरी वाचलं होतं की मशीनला सारखं उठवलं की बॅटरी लवकर उतरते. मग मला हे दर सेकंदाचं विचारणं सापडलं, आणि वाटलं की हे लिहिणाऱ्या मोठमोठ्या लोकांना एवढी साधी गोष्ट कळली नाही. दोन दिवस खपून मी ते बदललं होतं. बॅटरी थोडी जास्त टिकली की नाही हे मी मोजलंही नव्हतं. डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात दाखवलं होतं आणि त्यांनी चार जणांना सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे. दर सेकंदाला का विचारतात, याचं कारण शोधायला मात्र मी थांबले नव्हते.

क्षणभर वाटलं, हे न सांगता दुरुस्त करून टाकावं. कोणाला कळणार होतं? गावात ती टीप शोधून वाचू शकणारी माणसं दोनच, त्यातलं एक माझ्या मागे उभं होतं. मग मला त्यांचं मघाचं 'पुरावा नाही हा' आठवलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे मी केलंय."

"काय?"

"हा साठ. मी टाकलाय. डिप्लोमाला असताना."

ते पुढे आले. टीप वाचली. माय एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"तेव्हा मी तुला शाबासकी दिली होती," ते म्हणाले.

"हो."

"तपासलं नव्हतं मीही." त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. "चल, ते काढ आता."

माझं मन एवढ्यानं मानेना. मी मायला घेऊन समोरच्या ओसरीवर गेले. मावशी होती, गटातली चार-पाच माणसंही सावलीला टेकली होती, ज्यांचे कळप अडकले होते त्यातले दोघे त्यांतच. मी उभ्या उभ्या सांगितलं की लस खराब झाली त्या दिवशी डॉक्टर काही विसरले नव्हते. मशीनमध्ये मी पूर्वी एक चूक करून ठेवली होती, तिच्यामुळे ते झोपलं.

मग मावशी म्हणाली, "तू केलंस व्हय?"

"मी केलं."

"तवा का न्हाई झोपलं मग? आताच बरं झोपलं?"

मी सेलचं सांगितलं, सेटिंगचं सांगितलं. किती कळलं देव जाणे. पण जो माणूस 'डॉक्टरसाहेब थकले' म्हणाला होता, तो उठला, धोतर झटकलं आणि रस्ता ओलांडून खोलीत गेला. परत येऊन आपल्या जागेवर टेकला. डॉक्टरांना तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही. दुसरा मला म्हणाला, "नीट होईल ना पण? आमाला लस टोचून निघायचंय."

"आजच होतंय," मी म्हटलं.

साठ खोडणं हे एका क्षणाचं काम. पण त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळा गाभा त्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर नव्यानं बांधायचा, म्हणजे तासन्तास. पडद्यावर ओळी सरकत होत्या, पंखा घरघरत होता, लॅपटॉप इतका तापला की डॉक्टरांनी त्याच्याखाली दोन विटा सरकवल्या. तेवढ्यात मी तो भाग शांतपणे वाचून काढला, जो मी विद्यार्थी असताना वाचायला हवा होता. आणि काय सुंदर लिहिलेला होता तो. दर सेकंदाला जायचं. रांग रिकामी होईपर्यंत एकामागून एक विचारायचं. झोपेची विनंती आली आणि उत्तराला वेळ लागणार असेल तर मधून मधून फर्मवेअरला सांगत राहायचं, 'थांब, बघतोय, बघतोय', म्हणजे ते कंटाळून आपला निर्णय घेणार नाही. एकेक ओळ कोणाच्या तरी अनुभवातून आलेली होती. कोणाचं तरी मशीन असंच कुठं तरी झोपलं असणार. मी डॉक्टरांना प्रत्येक ओळ वाचून दाखवत होते आणि ते वहीत टिपून घेत होते.

"एक सेकंदच का? अर्धा का नाही?" त्यांनी विचारलं.

"फर्मवेअर काही सेकंद थांबतं. सेकंदाला एकदा गेलं तर चुकायची भीती नाही, आणि त्याहून जास्त जाऊन फायदा नाही."

"आणि बॅटरी? तू म्हणत होतीस ती?"

"एवढ्यानं काही उतरत नाही. ते मी मोजायला पाहिजे होतं."

ते हसले. "मोजू. आज मोजूनच जा."

ऊन कलायला लागलं तेव्हा काम झालं. लॅपटॉप नव्यानं सुरू केला. मी मुद्दाम फर्मवेअरची झोपेची सेटिंग परत चालू केली, कारण पारख करायची तर कठीणच करायची. डॉक्टरांनी प्लग काढला. त्याच सेकंदाला नोंदीत ओळ उमटली. लावला, ओळ. काढला, ओळ. मघाशी चाळीस सेकंद ताटकळत होतो, आता बोट उचलायच्या आत खबर हजर. डॉक्टरांनी विनाकारण आणखी सहा वेळा काढला-लावला. मी थांबवलं नाही.

मग शेवटचा काढला आणि आम्ही वाट बघत बसलो. या वेळी खोलीत आम्ही दोघंच नव्हतो. माय होती, मावशी पीठ मळता मळता उठून आली होती, ओसरीवरची माणसं दारात. आठ मिनिटं. नऊ. दहाव्या मिनिटाला नोंदीत ओळ आली, झोपेची विनंती. तिच्या खालीच दुसरी, नकार. दोन्हींमध्ये सेकंदाचंही अंतर नाही. पडदा चालू. पंखा चालू. फ्रिजचं तापमान पाच.

"हे काय झालं आता?" मावशीनं विचारलं.

"त्यानं विचारलं झोपू का," डॉक्टर म्हणाले, "आणि हे म्हणालं नको."

अजून दहा मिनिटांनी त्यानं परत विचारलं, परत नकार मिळाला. तिसऱ्यांदाही. बॅटरी किती उतरली तेही मोजलं, मघाच्या खेपांपेक्षा काही फरक नव्हता. मग डॉक्टरांनी फ्रिजमधली वायर काढून मावशीनं आणून दिलेल्या चहाच्या कपात बुडवली. आकडा सरसर वर चढला, सहा, सात, आठ, आणि मोटारसायकलचा हॉर्न असा काही भोंगा करून वाजला की दारातला माणूस दोन पायऱ्या मागे गेला आणि बाहेरच्या शेळ्या दावी ताणून उभ्या राहिल्या. मावशीनं कानावर पिठाचे हात ठेवले. डॉक्टर हॉर्न बंद करायचं विसरून तसेच उभे होते, हातात कप, तोंडभर हसू. शेवटी मीच बंद केला.

नवी लस चार दिवसांनी आली. टोचणीच्या दिवशी मी सुट्टी टाकून गेले. एवढं केलं पाहिजे असं मला वाटत होतं, आणि शिवाय मला जायचंच होतं. गावाबाहेरच्या माळावर सकाळी सातलाच कळप उभे होते. मेंढ्या धरायला माणसं कमी पडत होती, म्हणून मी पदर खोचून एकेक मेंढी गुडघ्यात दाबून धरत होते आणि डॉक्टर सुई मारत होते. मान धरून कातडी चिमटीत घ्यायची, सुई, पुढची. हात अजून सफाईनं चालतो त्यांचा.

तेवढ्यातही त्यांच्या डोक्यात तेच चाललेलं. सहा मेंढ्या झाल्या की एक प्रश्न. नव्या मशिनीत फर्मवेअर इशारा देतं म्हणतेस, तो इशारा पोचलाच नाही तर? मी सांगितलं, म्हणून तिथंही काही ठिकाणी इशाऱ्यावर न विसंबता मधून मधून विचारून घेतातच. मी करते त्या स्टार्टरच्या बोर्डातही मी तसंच ठेवलंय. ते थांबले, सुई हवेत.

"म्हणजे दोन्ही? इशाराही आणि विचारणंही?"

"दोन्ही. आणि आता मी सांगू का, इशारा कसा पोचतो ते? त्यात एक गंमत आहे, आधी चिपमधून एक..."

"थांब," डॉक्टर म्हणाले, "ती निसटायली. आधी तिची मान धर."